जुन्या कॅसेटची साफसफाई

दिवाळी जवळ आली की घरोघरचे माळे उतरतात. गेल्या वर्षी आमचाही उतरला. इचलकरंजीतल्या दोन खोल्यांच्या घराचा माळा तो केवढा! पत्र्याची एक ट्रंक, जुन्या पंख्याची पाती, आजीचे जाते आणि ज्यांचे काय करावे हे कुणालाच ठरवता येत नाही अशा दहा-पंधरा वस्तू. त्यांतच एक बुटाचे खोके निघाले. उघडून पाहते तो आत एक टीव्ही गेम, वायर गुंडाळलेले दोन रिमोट आणि अकरा कॅसेटी!

कॅसेट म्हटल्यावर काही वाचकांना गाण्यांची फीत आठवेल. ही कॅसेट ती नव्हे. टीव्ही गेमच्या खाचेत जी प्लॅस्टिकची चपटी डबी बसवली जाते, तिलाही आपल्याकडे सर्वजण कॅसेटच म्हणत. तिच्यात फीत नसते, फिरणारा एकही भाग नसतो.

हा खेळ अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९९७ सालच्या दिवाळीत यंत्रमागाच्या बोनसमधून घेतला होता. तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. म्हणजे आज मी आहे तेवढेच. नववीत शाळा सुटली आणि ते मागावर लागले, ते आजतागायत मागावरच आहेत. त्या अकरा कॅसेटींवर पांढऱ्या चिठ्ठ्या चिकटवून त्यांनी निळ्या बॉलपेनने खेळांची नावे लिहिली होती. रेशनकार्डावर, बँकेच्या पासबुकावर, माझ्या महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जावर अण्णांची सही आहे. पण सही म्हणजे अक्षर नव्हे. अण्णांच्या हातचे एवढे अक्षर आमच्या घरात दुसरीकडे कुठेही नाही.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. इतिहास आणि मराठी हे माझे विषय. तेव्हा हिने हा विषय का घेतला असे आमच्या प्राध्यापकांना वाटणे साहजिक आहे. परंतु त्या खोक्याने मला जे शिकवले ते थोडे विज्ञान, थोडा इतिहास आणि थोडे शहाणपण असे मिश्रण आहे. शिवाय असे एखादे खोके आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर असेल. त्यातल्या वस्तू भंगारात जाण्याआधी हे चार शब्द उपयोगी पडावेत, एवढाच हेतू.

कॅसेटच्या पोटात काय असते?

खेळ बदलण्यासाठी यंत्र न बदलता नुसती डबी बदलावी, ही कल्पना घराघरात आणणारे पहिले यंत्र म्हणजे अमेरिकेतल्या फेअरचाइल्ड कंपनीचे ‘चॅनेल एफ’. ते १९७६ साली विक्रीस आले. जेरी लॉसन या कृष्णवर्णीय अभियंत्याच्या नेतृत्वाखाली ते घडले. पुढे १५ जुलै १९८३ रोजी जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचे यंत्र बाजारात आणले. त्यालाच थोडक्यात फॅमिकॉम म्हणतात. १९९० नंतरच्या दशकात आपल्याकडे जे टीव्ही गेम घरोघर दिसत, त्यांपैकी बरेचसे या फॅमिकॉमच्या नकला होत्या. अण्णांचा खेळही त्याच कुळातला.

कॅसेट उघडली तर आत एक हिरवी पाटी दिसते. तिच्यावर एक-दोन चिप असतात. स्वस्त कॅसेटीत चिपेऐवजी डांबराच्या थेंबासारखा काळा गोळा असतो, त्याच्याखाली चिप दडलेली असते. पाटीच्या एका कडेला सोनेरी पट्ट्यांची रांग असते. दुरुस्तीच्या दुकानात या पट्ट्यांना ‘पिना’ म्हणतात. फॅमिकॉमच्या कॅसेटीला अशा ६० पिना असतात. अमेरिकेत १९८५ साली जे यंत्र आले त्याच्या कॅसेटीला ७२, आणि १९८९ सालच्या हातात धरायच्या गेमबॉयच्या कॅसेटीला ३२.

या पिनांचे काम समजले की साफसफाईचे सारे शास्त्र समजले. यंत्र चिपेला विचारते, ‘अमुक क्रमांकाच्या घरात काय लिहिले आहे?’ हा क्रमांक काही पिनांवरून आत जातो आणि उत्तर दुसऱ्या पिनांवरून बाहेर येते. पोस्टमनला पत्त्यातला एक आकडा पुसट दिसला तर पत्र भलत्याच घरी जाते, तसेच एका पिनेवर मळ बसला की यंत्राला भलत्याच घरातला मजकूर मिळतो. चित्राच्या चिपेकडे जाणारी पिन मळली असेल तर खेळ चालतो, पण पडद्यावर चौकोनांचा गोधडीसारखा गोंधळ दिसतो. मुख्य कार्यक्रमाच्या चिपेकडे जाणारी पिन मळली तर खेळ सुरूच होत नाही. पडदा एकरंगी राहतो. अमेरिकन यंत्रात अस्सल कॅसेट ओळखणारी एक वेगळी चिप होती. तिचा संपर्क नीट जुळला नाही की यंत्र सारखे बंद-चालू होई आणि दिवा लुकलुकत राही.

चिपेतला मजकूर मात्र कारखान्यातच कायमचा कोरलेला असतो. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा १९८५ सालचा प्रसिद्ध खेळ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये मावला होता; आज मोबाईलमधल्या एका फोटोला त्याच्या कितीतरी पट जागा लागते. तो मजकूर सहसा पुसला जात नाही. म्हणूनच ‘कॅसेट मेली’ असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा ती मेलेली नसते. फक्त मळलेली असते. ही गोष्ट मला फार धीर देणारी वाटली.

फुंकर मारू नये

कॅसेट लागली नाही की काढायची, पिनांवर जोरात फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची, हा विधी ज्यांनी टीव्ही गेम खेळला त्या सर्वांना ठाऊक आहे. विशेष म्हणजे जपानमध्ये, अमेरिकेत आणि इचलकरंजीच्या गल्लीत मुले तेच करीत होती, आणि कुणी कुणाला शिकवायला गेले नव्हते! फुंकर मारल्यावर पुष्कळदा खेळ लागेही. तो का लागे? फुंकरीच्या निमित्ताने कॅसेट बाहेर निघून पुन्हा आत बसे, त्या घासण्याने पिनांवरचा मळ थोडा सरके आणि संपर्क जुळे. श्रेय मात्र फुंकरीला मिळे.

वास्तविक फुंकरीबरोबर तोंडातली वाफ आणि थुंकीचे बारीक तुषार पिनांवर बसतात. पिनांवरचा सोन्याचा मुलामा अत्यंत पातळ असतो, त्याखाली निकेल आणि तांबे. सोने गंजत नाही. पण मुलाम्याला जिथे बारीक छिद्र किंवा ओरखडा असेल तिथून ओल आत शिरते आणि तांबे हिरवट पडू लागते. देवघरातले न घासलेले तांब्याचे ताम्हन आठवा! स्वस्त कॅसेटींवर तर मुलामा नावापुरताच असे. निन्टेन्डो कंपनीनेही कॅसेटीत फुंकू नका अशी सूचना दिली होती. आमच्या गावात आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे मागावरचा कापसाचा तूस. तो अंगावर, केसांत, भाकरीवर बसतो. कॅसेटीत कसा बसणार नाही? अकराही कॅसेटींच्या तोंडाशी पांढरी लव जमली होती.

काय आणावे, काय आणू नये

माझ्या आतेभावाचे मोबाईल दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. त्याच्याकडे ‘आयपीए’ नावाचा एक द्रव असतो. पूर्ण नाव आयसोप्रोपिल अल्कोहोल. इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात त्याची बाटली मिळते. घेताना बाटलीवरचे प्रमाण पाहावे. ९० टक्क्यांहून अधिक, शक्य तर ९९ टक्के असावे. तो तेलकट मळ विरघळवतो, लवकर उडून जातो आणि मागे काही ठेवत नाही. त्याखेरीज कान साफ करायच्या कापसाच्या काड्या, एक कोरडा मऊ ब्रश आणि धुतलेले सुती फडके एवढे पुरे. खर्च फार नाही.

आता न आणायच्या वस्तू. हात निर्जंतुक करायचे सॅनिटायझर वापरू नये. त्यात बहुधा ग्लिसरीनसारखे पदार्थ असतात, ते पिनांवर चिकट थर ठेवतात. जखमेचे किंवा स्टोव्हचे स्पिरिट नको, त्यात इतर द्रव्ये मिसळलेली असतात. पेट्रोल, थिनर आणि नेलपॉलिश काढायचे द्रव तर मुळीच नकोत. त्यांनी प्लॅस्टिकचे कवच विरघळते किंवा पांढरे पडते. पितळ उजळायची पावडर आणि पॉलिश पेपर यांनी पिना चमकतील खऱ्या, पण त्या चमकीबरोबर सोन्याचा मुलामाही निघून जाईल आणि दोन महिन्यांत उघडे तांबे काळे पडेल. अति तेथे माती, ही म्हण इथे अक्षरशः लागू आहे.

चौकस वाचक इथे एक शंका काढतील. निन्टेन्डोच्या अमेरिकन कॅसेटींच्या पाठीवर बेन्झिन, थिनर किंवा अल्कोहोलने साफ करू नका असे छापलेले आहे. मग आयपीए कसे चालते? कवच, चिठ्ठी आणि छपाई यांना अल्कोहोल बाधते, ही त्या सूचनेतली गोष्ट खरीच आहे. म्हणून जुन्या खेळांचे जाणकार काडी नुसती ओलसर करतात आणि ती पिनांपलीकडे कुठेही लागू देत नाहीत. ही मर्यादा पाळणे हेच सारे कौशल्य आहे. मी ती पाळली नाही, त्याची हकीकत पुढे येईलच.

प्रत्यक्ष कृती

प्रथम यंत्र बंद करून अडॅप्टर भिंतीतून काढावा. यंत्र चालू असताना कॅसेट घालू वा काढू नये. अडॅप्टरची वायर कुठे उघडी पडली असेल तर तो वापरूच नये. नवा घेताना जुन्याचे व्होल्ट आणि टोकाची जोडणी दुकानदाराकडून तपासून घ्यावी.

आयपीए झटकन पेट घेते. म्हणून हे काम स्वयंपाकघरात, गॅसजवळ किंवा समई-उदबत्तीजवळ करू नये. खिडकी उघडी ठेवावी, लहान मुले दूर ठेवावीत, आणि बाटलीतून लागेल तेवढे थेंब झाकणात घेऊन बाटली लगेच बंद करावी. हात धुऊन कोरडे करावेत. अंगातली स्थिर वीज चिपेला अपाय करू शकते. म्हणून कामाला बसण्यापूर्वी नळासारख्या जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावावा आणि पिनांना बोटे लावू नयेत.

मग कॅसेट तोंड खाली करून धरावी आणि कोरड्या ब्रशने तूस व धूळ झाडावी. हे आधी केले नाही तर पुढे धुळीचा चिखल होतो. त्यानंतर काडीचे टोक आयपीएत बुडवून काठावर निपटून घ्यावे. ते ओलसर असावे, थेंब गळू नये. पिनांच्या लांबीच्या दिशेने, आतून बाहेर, हलक्या हाताने पुसावे. आडवे पुसले तर कापसाचे धागे पिनांच्या कडांत अडकतात. पिना दोन्ही बाजूंना असतात, हे विसरू नये. पहिली काडी काळी होईल. ती टाकून दुसरी घ्यावी. काडी स्वच्छ निघेपर्यंत असे करावे. आमच्या पहिल्या कॅसेटीला सात काड्या लागल्या. शेवटी एक कोरडी काडी फिरवून कॅसेट दहा-पंधरा मिनिटे तशीच ठेवावी. ती पूर्ण वाळल्याशिवाय यंत्रात घालू नये.

एवढ्याने खेळ लागला नाही तर पुन्हा एकदा हेच करावे. तरीही डाग राहिला तर काहीजण पेन्सिलचे मऊ पांढरे खोडरबर हलकेच फिरवतात. तो शेवटचा उपाय समजावा, कारण खोडरबरही थोडेफार घासतेच. त्याचा चुरा ब्रशने झाडून मग पुन्हा आयपीएची काडी फिरवावी. शाईचे खरखरीत खोडरबर वापरू नये.

कॅसेट उघडण्याची घाई करू नये. आपल्याकडच्या बऱ्याच कॅसेटींना स्क्रू नसतो, कवच खटक्याने बसवलेले असते. पंचवीस वर्षांपूर्वीचे प्लॅस्टिक कडकडीत झालेले असते आणि खटका मोडतो. अमेरिकन कॅसेटींना वेगळ्या डोक्याचे स्क्रू असतात, त्यांना ३.८ मिलिमीटरचा खास पाना लागतो. सुरीने ते उघडू नयेत. काही कॅसेटींत खेळाची प्रगती जपून ठेवण्यासाठी बटणासारखा सेल झाळलेला असतो. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ची १९८७ सालची अमेरिकन कॅसेट हे त्याचे ठळक उदाहरण. तो सेल काढला की साठवलेले सारे जाते, आणि सुटा सेल लहान मुलाने गिळला तर जिवावर बेतते. ते काम जाणकारावर सोपवावे.

राहिली यंत्राची खाच. कॅसेट स्वच्छ आणि खाच मळकी, तर उपयोग काय? आंघोळ करून मळके कपडे घालण्यासारखेच ते. यंत्र बंद असताना खाचेतला तूस ब्रशने काढावा. मग स्वच्छ केलेल्या कॅसेटीच्या पिनांवर आयपीए किंचित लावून ती दोन-चार वेळा आत-बाहेर करावी आणि पिना पुन्हा पुसाव्यात. खाचेत जाड पुठ्ठा किंवा सुरी खुपसू नये. आतल्या पत्त्यांचा ताण एकदा गेला की तो परत येत नाही.

कवच साबणाच्या पाण्यात पिळून घेतलेल्या फडक्याने पुसावे. पाणी पिनांकडे जाऊ देऊ नये. चिठ्ठी मात्र फक्त कोरड्या फडक्याने. यानंतरचे वाक्य मी माझ्या अनुभवावरून लिहीत आहे: बॉलपेनची शाई आयपीएत विरघळते.

माझी चूक

पहिली कॅसेट नीट झाली, दुसरी झाली, पडद्यावर मारिओ उड्या मारू लागला, आणि मला चेव आला. तिसरी कॅसेट हातात घेतली ती ‘कॉन्ट्रा’ची. या खेळात मुळात तीनच जीव मिळतात. परंतु सुरुवातीला काही बटणे ठरावीक क्रमाने दाबली तर तीस जीव मिळतात. अण्णांनी तो क्रम कॅसेटीच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवून लिहिला होता. मी काडीने पिना पुसल्या, आणि पाठीवर तेलकट डाग दिसला म्हणून आयपीएत भिजवलेला कापूस तिथे फिरवला. एकदाच. डाग गेला. बरोबर चिठ्ठीवरची मधली ओळही गेली. कापूस निळा झाला. ‘वर वर’ एवढे राहिले, त्यापुढे निळा ढग, आणि शेवटी एक ‘ए’.

आतेभाऊ शेजारीच होता. तो म्हणाला, “अगं, हे पिनांना लावायचं. कागदाला कोण लावतं?” त्याचे बरोबर होते, मला आधी सांगून झाले होते.

मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे. जुन्या कागदाला विचार न करता हात लावू नये, हे वर्गात मी वहीत उतरवून घेतले आहे. परीक्षेत त्यावर चांगले गुणही मिळवले आहेत. आणि घरातला सर्वांत जुना दस्तऐवज हातात आला तेव्हा मी तो कापसाने पुसून काढला. हे लिहिताना मला लाज वाटते. पण लाज लपवून कृती तेवढी सांगितली असती, तर वाचणाऱ्यांपैकी एखादा तोच कापूस दुसऱ्या चिठ्ठीवर फिरवता.

रात्रपाळीला जाण्याआधी अण्णा घरी आले तेव्हा मी कॅसेट पुढे ठेवली आणि जे झाले ते सांगितले. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली. रागावले नाहीत. मी म्हटले, “अण्णा, मधलं काय होतं ते सांगा, मी पुन्हा लिहिते.” ते विचार करू लागले, दोनदा ओठ हलले, पण क्रम जुळेना. मग म्हणाले, “तोंडानं न्हाई यायचं. रिमोट आण. बोटास्नी ठाव हाय.”

आम्ही कॅसेट लावली. अण्णांनी रिमोट हातात घेतला, पडद्याकडे पाहिले आणि अंगठे चालवले. पहिल्या वेळी चुकले. दुसऱ्या वेळी तीस जीव मिळाले. तिसऱ्यांदा मी त्यांना सावकाश दाबायला लावले आणि एकेक बटण वहीत उतरवून घेतले: वर, वर, खाली, खाली, डावी, उजवी, डावी, उजवी, बी, ए.

“शेवटी बी ए पायजेच,” अण्णा म्हणाले, “न्हाईतर तीनच जीव.” आणि माझ्याकडे पाहून हसले.

आता त्या कॅसेटीवर दोन चिठ्ठ्या आहेत. जुनी तशीच ठेवली आहे, निळ्या ढगासकट. खालच्या नव्या चिठ्ठीवर क्रम लिहिला आहे. ती मी पेन्सिलने लिहिली, कारण पेन्सिलचे शिसे आयपीएत विरघळत नाही. लिहायला अण्णांना सांगितले होते. ते म्हणाले, माझे अक्षर आता चांगले येत नाही, तूच लिही. मी आग्रह केला तेव्हा त्यांनी शेवटची दोन अक्षरे लिहिली.

अकरांपैकी नऊ कॅसेटी आज चालतात. उरलेल्या दोन मी टाकलेल्या नाहीत. खोके पुन्हा माळ्यावर गेले आहे. पण आता प्रत्येक कॅसेट कागदी पिशवीत आहे, तूस बसू नये म्हणून तोंड बंद केलेले आहे, आणि खोक्यावर एक सूचना आहे: ‘फुंकर मारू नये. चिठ्ठीला हात लावू नये.’